मागच्या रोलरवरची खडूची रेघ

१

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, गुरुप्रसादच्या वर्कशॉपमध्ये तिथला मेकॅनिक संदेश मेलेला सापडला. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवलेल्या एका काळ्या सेडानच्या मागे तो पडला होता. उजव्या कानाच्या वर मोठी जखम होती. शेजारी तुटलेला पट्टा पडला होता, त्याच्या टोकाला दीड किलोचा लोखंडी हूक.

त्या दिवशी मी घरीच होतो. सकाळी अकरा वाजता गच्चीवर आमसुलं उलटत होतो. दरवर्षी ते काम माझी बायको सगुणा करायची. ती डिसेंबरात गेली. परसातल्या रातांब्यांना ते कळलं नाही, ते नेहमीसारखे पिकले. टाकवेनात, म्हणून मी सोलून, रसात बुडवून वाळत घातले. चप्पल खाली विसरलो होतो. गच्ची इतकी तापली होती, की एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत मी ते काम उरकलं आणि तळपायाला फोड घेऊन खाली आलो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा उपयोग झाला.

सोमवारी संध्याकाळी दमयंती आली. सगुणाची धाकटी बहीण. दारातच खाली बसली.

"भावोजी, माझ्या विनीतला नेलान ओ पोलिसांनी."

"कशासाठी?"

"म्हणे, पट्टा त्याने बांधला होता. म्हणे, गाडीत तोच होता. माणूस मेला आणि हा पळाला म्हणतात. माझा विनीत पळेल? त्याला झुरळ मारवत नाय!"

विनीत सत्तावीस वर्षांचा. गुरुप्रसादकडे मेकॅनिक. जहाजावर इंजिनरूममध्ये त्याची निवड झाली होती आणि जूनमध्ये बोट होती. अंगावर केस लागली तर ती बोट जाणार, आणि नुसती बोटच नाही.

"ताई असती तर तिने तुम्हाला उठवून पाठवलं असतं," दमयंती म्हणाली.

ते खरं होतं. मी शर्ट घातला.

२

मी एकतीस वर्षं मोटार वाहन निरीक्षक होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. अपघाताच्या गाड्या तपासून पोलिसांना अहवाल द्यायचो, त्यामुळे ठाण्यात ओळख आहे. तपास उपनिरीक्षक दीपालीबाईंकडे होता. त्या तरुण आहेत, कमी बोलतात.

"आत्माराम साहेब, मुलगा नात्यातला आहे ना?"

"बायकोच्या बहिणीचा."

"मग तुमचा अहवाल मला चालणार नाही."

"अहवाल देत नाही. फक्त बघतो. चुकीचं काही दिसलं तर तुम्हीच तपासा."

त्यांनी जरा विचार केला आणि कागद पुढे सरकवला. डायनोच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या प्रिंटरमध्ये तो सापडला होता. वर गाडीचा नंबर. मध्ये ग्राफ. खाली तारीख रविवारची, वेळ सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी दोनचार आकडे.

"डॉक्टर म्हणतात, मृत्यू सकाळी सहा ते दुपारी बाराच्या मधला. कागद सांगतो अकरा वीस. गाडी पळत होती म्हणजे आत कोणीतरी होतं. संदेश बाहेर, मागे उभा. पट्टा तुटला, हूक उडाला, डोक्यात बसला. मशीन चालवता येणारी माणसं तीन. एक संदेश. दुसरा मालक गुरुप्रसाद, तो दहापासून एकपर्यंत देवळाच्या मीटिंगला होता, वीस साक्षीदार आहेत. तिसरा विनीत. तो म्हणतो घरी झोपलो होतो. एकटाच. आई मंडणगडला."

"पट्टा कसा तुटला?"

"अर्धा सरळ कापल्यासारखा, अर्धा उसवलेला. पत्र्याच्या धारेवर घासू नये म्हणून पट्ट्याखाली चिंधी घालायची असते म्हणे. चिंधी नव्हती."

"विनीत काय म्हणतो?"

"घातली होती म्हणतो." त्या उठल्या. "सगळे तेच म्हणतात."

कोठडीत विनीत भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उभा राहिला.

"काका, मी घातली होती चिंधी. आईच्या जुन्या लुगड्याची. निळी."

"कधी?"

"शनिवारी पाचला. गाडी रोलरवर घेतली, चारी पट्टे आवळले आणि आईला मंडणगडच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेलो. परत आलोच नाय. टेस्ट संदेशदादाने एकट्याने घेतली. गाडीचा मालक होता तिथे, चिपळूणचा. समर्थशेठ."

"रविवारी टेस्ट होती?"

"मला नाय माहीत. काका, मी गाडीत बसलेलो असतो आणि संदेशदादा पडला असता, तर मी त्याला तसाच टाकून गेलो असतो का?"

 बाहेर आल्यावर दीपालीबाईंना विचारलं, "पंचनाम्यात निळी चिंधी आहे?"

त्यांनी पानं उलटली. "नाही. कुठेच नाही."

चिंधी घासून फाटली असती, तर तिचे तुकडे तरी तिथे पडले असते.

३

मंगळवारी सकाळी गुरुप्रसादने शटर वर केलं. पन्नाशीचा माणूस, दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

ज्यांनी डायनो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत लोखंडी रोलर बसवलेले असतात. गाडीची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. इंजिनाची ताकद कंपनी सांगते. चाकापर्यंत त्यातली किती पोचते ते डायनो सांगतो. गुरुप्रसादकडे पुढे आणि मागे असे रोलरचे दोन वेगळे संच होते. त्यामुळे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी तपासता यायची. अशी सोय जिल्ह्यात दुसरीकडे नव्हती.

काळी सेडान अजून तशीच उभी होती. ऑटोमॅटिक, ऑल व्हील ड्राइव्ह.

"ही इथे कशाला आली?" मी विचारलं.

"समर्थ जुन्या गाड्या विकतो. कोल्हापूरचं गिऱ्हाईक होतं. घाटातून येणंजाणं, म्हणून त्याला चारही चाकं ओढणारी गाडी हवी. तो म्हणाला, चाकावरची हॉर्सपॉवर कागदावर दाखवा, मगच घेतो. म्हणून समर्थ आला. शनिवारी टेस्ट झाली. रात्री संदेशचा मला फोन. म्हणाला, आकडा मला पटत नाय, उद्या परत घेतो."

"किती वाजता?"

"ते नाय बोलला."

"शनिवारचा कागद कुठे आहे?"

गुरुप्रसादने फाईल काढली. संदेश प्रत्येक टेस्टचा कागद फाईलला लावायचा. शुक्रवारचे दोन होते, शनिवारचा नव्हता. कॉम्प्युटरवरही शनिवारची नोंद नव्हती.

"हे कसं झालं?" गुरुप्रसाद पुटपुटला. "संदेश कागद टाकणारा नव्हता ओ. रद्दीसुद्धा पंच करून ठेवायचा, आम्ही चेष्टा करायचो."

मी रोलरपाशी उकिडवा बसलो. पुढच्या रोलरवर टायरचा काळा थर होता आणि त्यात पांढरट पूड फासलेली. मागच्या दोन्ही रोलरवर खडूची एकेक आडवी रेघ होती. सरळ, स्वच्छ, जणू आत्ताच ओढलेली.

"ही रेघ कसली?"

"संदेशची सवय. गाडी बांधून झाली, की चारी रोलरवर खडूने रेघ ओढायची. मग टेस्ट. त्याशिवाय तो गाडीला हात लावायचा नाय. मी म्हणायचो, अरे, कॉम्प्युटर आहे ना सांगायला? तर म्हणायचा, कॉम्प्युटरला जे विचारतो तेवढंच तो सांगतो."

मी बराच वेळ ती रेघ बघत राहिलो. मग डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवलं. बोटाला पिवळट, बारीक, पिठासारखी माती लागली. तशी माती मी पूर्वी शेकडो गाड्यांत पाहिली होती.

"गुरुप्रसाद, या भिंतीवरची पांढरी डबी कसली?"

"हवामानाची. मीच बसवली. तापमान, दमटपणा, हवेचा दाब. गार हवेत इंजिन जास्त ताकद देतं, गरम हवेत कमी. म्हणून कॉम्प्युटर त्याप्रमाणे आकडा सुधारून घेतो. कागदावर खाली छापलेलं असतं बघा."

मी खिशातून कागदाची प्रत काढली. चष्मा लावला आणि ती बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली.

माझ्या तळपायाचा फोड ठणकला.

४

समर्थला मी त्याच दिवशी चिपळूणला जाऊन भेटलो. बाजारपुलाच्या अलीकडे त्याचं दुकान. बाहेर सात-आठ गाड्या, सगळ्या चकचकीत. तो चाळिशीचा, हसतमुख.

"या साहेब, बसा. नारळपाणी सांगू? वाईट झालं ओ. चांगला माणूस होता. जरा हट्टी."

"हट्टी कसा?"

"शनिवारी टेस्ट झाली, आकडा चांगला आला. तरी म्हणे परत घेतो. मी म्हटलं घे बाबा. माझी गाडी तिथेच ठेवली आणि दुसऱ्या गाडीने रात्री इथे आलो. रविवारी भावाचा साखरपुडा होता. अकरा वाजता मी स्टेजवर, तबक हातात! व्हिडिओ आहे, दाखवू?"

"नको. रत्नागिरीहून निघालात कधी?"

"शनिवारी साडेसात. रात्री दहाला घरी जेवलो. त्यानंतर साखरपुडा होईपर्यंत चिपळूण सोडलं नाय."

"तुम्ही स्वतः गाडी चालवलीत का डायनोवर?"

तो हसला. "मला काय कळतं त्यातलं? बघितलं फक्त. तसं त्यात आहे काय? ऑटोमॅटिक गाडी साहेब, पोरसुद्धा चालवील. डी मध्ये टाकायची, पाय दाबायचा. बाकीचं गाडी बघते. संदेश उगाच लिव्हर इकडे तिकडे करत बसला होता. मी म्हटलं, अरे, तुझ्या मारुतीसारखी नाय ही!"

मी नारळपाणी न घेताच उठलो.

परत येताना वाट वाकडी करून पूर्णगडला गेलो. संदेशची बायको नम्रता ओटीवर बसली होती. घरात बायकांची गर्दी होती, पण तिच्याजवळ कोणी बसलं नव्हतं. माणूस गेल्यावर असंच होतं. लोक येतात आणि जरा लांब बसतात.

"दर रविवारी यायचे," ती म्हणाली. "आठवडाभर खोलीवर, रविवारी घरी. सव्वानऊला मी फोन केला, उचलला नाय. वाटलं, गाडीवर असतील. परत नाय केला. मासे साफ करत बसले." ती थांबली. "पोलीस म्हणतात, अकरा वीसला झालं. म्हणजे माझ्या फोननंतर दोन तास होते. मी परत केला असता, सारखी करत राहिले असते, कंटाळून निघाले असते ना ओ ते? सांगा ना तुम्ही. निघाले असते ना?"

त्या वेळी माझा अंदाज होता, पुरावा नव्हता. मी तिला काहीच सांगितलं नाही. तिथून गाडी काढली ती थेट पोलीस ठाण्यात.

"दीपालीबाई," मी म्हटलं, "हातखंब्याच्या पेट्रोलपंपाचा कॅमेरा बघायला माणूस पाठवा. अकरा वीस सोडून द्या. सकाळी साडेसहा ते आठ बघा."

"कोणासाठी?"

मी नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

५

बुधवारी दुपारी ठाण्यात समर्थ, गुरुप्रसाद आणि विनीत समोरासमोर बसले होते. दमयंती बाहेरच्या बाकावर होती. दार उघडंच होतं.

"सांगा साहेब," दीपालीबाई म्हणाल्या.

मी ग्राफ टेबलावर पसरला.

"विनीत, डायनोवर ऑटोमॅटिक गाडी कशी चालवायची?"

"लिव्हर मॅन्युअलला घ्यायचा, चौथा गिअर धरून ठेवायचा. डी मध्ये पाय दाबला की गाडी स्वतःच खालचा गिअर घेते, आणि ग्राफ तुटतो. कामाला लागलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी संदेशदादाने मला शिकवलं ते."

"हा बघ."

त्याने बघितलं. ग्राफची रेषा चढता चढता मध्येच तुटली होती, करवतीच्या दातासारखी.

"हे संदेशदादाचं काम नाय. माझं पण नाय. हे कोणीतरी डी मध्ये दाबलंय."

समर्थ खुर्चीत मागे टेकला. "मग? घाईत चुकलं असेल त्याचं. माणूस मेल्यावर हुशार झाला काय?"

"घाईत चुकेलही," मी म्हटलं. "म्हणून खालची ओळ बघा. तापमान सव्वीस पूर्णांक चार. दमटपणा एकोणनव्वद टक्के. गुरुप्रसाद, मे महिन्यात सकाळी अकरा वीसला तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये तापमान किती असतं?"

"छत्तीस. सदतीससुद्धा."

"त्या रविवारी अकरा वाजता मी गच्चीवर अनवाणी होतो. पाय भाजले. सव्वीस डिग्री त्या दिवशी फक्त पहाटे होती. सूर्य उगवल्यावर जेमतेम अर्धा तास. टेस्ट साडेसहाच्या सुमाराला झाली. कोणीतरी कॉम्प्युटरचं घड्याळ अकरा वीसवर नेलं, टेस्ट केली, कागद छापला आणि घड्याळ परत मागे आणलं. वेळ बदलता आली. भिंतीवरच्या डबीतली हवा बदलायची राहिली, कारण ती डबी कशासाठी आहे हेच त्याला माहीत नव्हतं."

विनीत पुढे वाकला. दीपालीबाई म्हणाल्या, "कॉम्प्युटर आमच्या माणसाने तपासला. रविवारी सकाळी सहा चौतीसला घड्याळ पुढे केल्याची नोंद आहे. सहा एक्केचाळीसला मागे."

"अकरा वीस कोणाला हवं होतं?" मी पुढे गेलो. "विनीतला नाही. त्याला त्या वेळेचा साक्षीदारच नव्हता. गुरुप्रसाद अकरा वीसला मीटिंगला होते हे खरं, पण डबी त्यांनी स्वतः बसवली आहे. ते तिला विसरणार नाहीत, आणि डी मध्ये पाय दाबणार नाहीत. उरला तो, ज्याला आपण अकरा वीसला स्टेजवर असणार हे आधीच ठाऊक होतं."

"काय बोलता ओ!" समर्थ उठला. "मी कशाला मारीन त्याला? माझी टेस्ट चांगली आली होती!"

"बसा खाली," दीपालीबाई म्हणाल्या. तो बसला.

"आकडा चांगलाच आला होता," मी म्हटलं. "पण संदेश आकड्यावर थांबायचा नाही. तो रोलरवर खडूची रेघ ओढायचा. रोलर फिरला, की टायर रेघ पुसतो. पुढची रेघ पुसली गेली. मागची जशीच्या तशी आहे, आजही. मागची चाकं फिरलीच नाहीत, शनिवारीही नाही आणि रविवारीही नाही. सगळी ताकद एकट्या पुढच्या चाकांवर जात होती. ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून विकायची गाडी, आणि मागचा भाग मेलेला. का मेला, ते डिकीतल्या मातीने सांगितलं. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीची माती. पुरात बुडालेली गाडी आहे ती. धुऊन, पुसून, नवं कार्पेट घालून उभी केलेली."

मी समर्थकडे वळलो.

"संदेश कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला सांगणार होता. तुमच्या दारात आणखी सात-आठ गाड्या आहेत. एक उघडी पडली, की सगळ्या तपासल्या जाणार. तुम्ही त्याला पहाटेच बोलावलं असणार, साखरपुड्याच्या आधी उरकू म्हणून. समजावायला असेल. त्याने ऐकलं नाही. टेस्टच्या तयारीला लागला आणि रेघा ओढायला मागे वाकला."

गुरुप्रसादने तोंडावर हात ठेवला.

"मारलं कशाने ते मला माहीत नाही. पट्टा आवळायच्या लोखंडी दांड्याने असेल. मग पट्टा अर्धा कापलात, उरलेला ताणून तोडलात. खालची निळी चिंधी काढलीत, म्हणजे दोष बांधणाऱ्यावर जावा. शनिवारची नोंद पुसलीत, कागद नेलात. सगळं विचार करून केलंत. फक्त गाडी तुम्हाला जशी चालवता येते तशीच चालवलीत."

"पुरावा?" समर्थचा आवाज बारीक झाला होता. "मी रात्रीपासून चिपळुणात होतो."

दीपालीबाईंनी मोबाईल त्याच्यापुढे धरला. चिपळूणच्या रस्त्यावरचा हातखंब्याचा पेट्रोलपंप, रविवार, सकाळचे सात आणि नऊ मिनिटं. पांढरी गाडी, काच खाली, पैसे देणारा हात आणि त्यामागे चेहरा.

"तुमच्या या गाडीतून ती निळी चिंधीही मिळाली," त्या म्हणाल्या. "सीटखाली. काच पुसायला ठेवली होतीत का?"

समर्थने फोन बाजूला सारला. मग म्हणाला, "मी त्याला किती सांगितलं, तुझं काय जातंय. किती वेळा सांगितलं. तो खडू घेऊन खाली वाकला, माझ्याशी बोलतसुद्धा नव्हता."

बाहेर दमयंती मोठ्याने रडायला लागली.  विनीत मात्र ग्राफवरच्या त्या तुटलेल्या दातावर बोट ठेवून बसला होता.

६

विनीतची बोट चुकली नाही. जाताना तो आमसुलांची पिशवी घेऊन गेला. सगुणाच्या हातची चव त्यांना नव्हती, मीठ जास्त झालं होतं. त्याने एक चाखून पाहिलं आणि पिशवीला गाठ मारली.

त्याआधी, गुरुवारीच, मी पूर्णगडला गेलो होतो. नम्रता तिथेच, ओटीवर. मी तिला सगळं सांगितलं. ती चिपळूणच्या माणसाबद्दल काहीच बोलली नाही.

"म्हणजे किती वाजता ओ?" तिने विचारलं.

"साडेसहाच्या आधी. तुम्ही फोन केलात तेव्हा उचलायला तो नव्हताच. दहा वेळा केला असता तरी नव्हता."

तिने मान हलवली. मग पुन्हा विचारलं, "नक्की साडेसहाच्या आधी?"

"नक्की."

"तेव्हा मी विहिरीवर होते." ती आठवत म्हणाली. "पाणी ओढत होते. उजाडलं होतं."

सगुणा गेली तेव्हा मीही डॉक्टरांना वेळ विचारली होती. त्यांनी सांगितली, तरी मी परत विचारली. त्या वेळी मी दवाखान्याच्या खाली चहा पीत होतो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी नम्रताला सांगितलं.

तिने थोडं सरकून ओटीवर मला जागा करून दिली. मी बसलो. दुपार होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.